पाणी सगळ्यांचं
जपानची रोजनिशी : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण जपानी घराच्या दारात, गेन्कानमध्ये, चपला काढून ठेवल्या. आज त्या गल्लीच्या टोकाला असलेल्या एका इमारतीत काढायच्या आहेत, आणि चपलांपाठोपाठ अंगावरचं बाकी सगळंही. ही इमारत म्हणजे सेंतो, वस्तीचं सार्वजनिक स्नानगृह. जुनं सेंतो दुरून ओळखू येतं ते उंच धुराड्यावरून आणि दारावर टांगलेल्या नोरेन नावाच्या कापडी पडद्यावरून. टोकियोतल्या कित्येक जुन्या सेंतोंचं दर्शनी छप्पर तर थेट देवळासारखं कमानदार असतं. १९२३ च्या भूकंपात शहर उद्ध्वस्त झालं, त्यानंतरच्या पुनर्बांधणीत ही देवळाच्या थाटाची स्नानगृहं लोकप्रिय झाली.

पर्यटकांना जपानी आंघोळ माहीत असते ती ओन्सेनमुळे, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे. तो वेगळा प्रकार. १९४८ च्या कायद्याप्रमाणे ओन्सेनचं पाणी जमिनीतून येताना किमान २५ अंशांचं असावं लागतं, किंवा नेमून दिलेल्या १९ गुणधर्मांपैकी एखादा तरी त्यात असावा लागतो. सेंतोला ही अट नाही. नळाचं किंवा विहिरीचं पाणी बंबात तापवलं तरी चालतं. ओन्सेनला लोक सुट्टी काढून जातात. सेंतोला जातात कामावरून आल्यावर, बगलेत टॉवेल आणि साबणाची डबी घेऊन, चालत.

या फरकाची सरकारदरबारीही नोंद आहे. महायुद्धानंतरची महागाई आवरण्यासाठी १९४६ मध्ये जपानमध्ये दरनियंत्रणाचा आदेश निघाला. त्याखाली आलेल्या वस्तू पुढच्या काळात एकेक करून बाहेर पडल्या. आज त्या आदेशाखाली उरली आहे ती फक्त सेंतोची फी. प्रत्येक प्रांताचा राज्यपाल तिची कमाल मर्यादा ठरवतो. टोकियोत ऑगस्ट २०२४ पासून मोठ्या माणसाला ५५० येन पडतात, म्हणजे तीनशे रुपयांच्या आसपास. सेंतो श्रीमंत वस्तीतलं असो की कामगार वस्तीतलं, यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्या बदल्यात मालकाला पाणीपट्टीत सवलत मिळते.

दोन सेंतोंमध्ये किती अंतर हवं याचेही नियम आहेत. हे व्यवसायस्वातंत्र्यावरचं बंधन आहे, असा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९५५ मध्ये न्यायालयाने नियम वैध ठरवला. एकाच ठिकाणी खेटून सेंतो उघडली, तर चढाओढीत खर्च वाचवण्यासाठी स्वच्छतेत काटछाट होईल आणि दुसरीकडे वस्त्या स्नानगृहाविना राहतील, अशी त्यामागची भूमिका. थोडक्यात, शासनाच्या लेखी सेंतो म्हणजे रेशनचं दुकान किंवा सार्वजनिक नळ यांच्या रांगेतली गोष्ट. आता आत जाऊ.

आधी धुवा, मग उतरा

दाराशी चपलांचे छोटे खण असतात. लाकडी पट्टी उपसली की खणाला कुलूप लागतं. जुन्या सेंतोत पुढे पुरुष आणि स्त्रियांच्या दारांमधोमध बानदाई असते, एक उंच चौरंगवजा बैठक. तिथे बसलेला मालक किंवा मालकीण दोन्हीकडून पैसे घेते आणि दोन्हीकडच्या कपडे बदलायच्या खोल्यांवर लक्ष ठेवते. नव्या पिढीला हे अवघड वाटू लागलं, म्हणून बहुतेक ठिकाणी बानदाईची जागा आता हॉटेलसारख्या काउंटरने घेतली आहे.

कपडे खणात ठेवून, हातात एक लहानसा टॉवेल घेऊन आत गेलं की समोर आरशांची आणि नळांची रांग दिसते. प्रत्येक नळासमोर वीतभर उंचीचं स्टूल आणि एक बादलीवजा घमेलं. इथे बसून आंघोळ करायची. बसूनच, कारण उभं राहिलं की शेजाऱ्याच्या अंगावर शिंतोडे उडतात. साबण, शाम्पू, घासणं, चोळणं सगळं इथेच उरकायचं. फेसाचा कण अंगावर राहता कामा नये. उठताना स्टूल आणि घमेलं धुऊन ठेवायचं. त्यानंतर मोठ्या हौदात उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. लांब केस वर बांधायचे. पोहायचं नाही, बुडी मारायची नाही. टोकियोतलं पाणी बहुधा ४२ अंशांच्या आगेमागे असतं, नवख्याला पहिल्या मिनिटात घाम फोडणारं. बाहेर पडताना कपड्यांच्या खोलीत शिरण्यापूर्वी अंग निथळून पुसायचं, म्हणजे तिथली जमीन ओली होत नाही.

मराठी माणसाला या सगळ्यात लाज वाटते ती वाटतेच, पण खरा अडसर पाण्याचा असतो. आपल्या सोवळ्याओवळ्याच्या कल्पनेत पाणी वाहतं हवं. तांब्याने अंगावर घेतलेलं पाणी मळ घेऊन मोरीतून निघून गेलं, की आंघोळ झाली. आधी पंधरा अनोळखी माणसं बसून गेलेल्या साठवणीच्या पाण्यात आपण उतरायचं, ही कल्पनाच घशाखाली उतरत नाही. सेंतोची सगळी रीत याच शंकेला दिलेलं उत्तर आहे. आंघोळ हौदाबाहेरच होते. हौद आहे तो शेकण्यासाठी, अंग सैल सोडण्यासाठी. पाणी सगळ्यांचं, म्हणून त्यात जाण्याआधी आपला मळ आपण आपल्यापुरता निस्तरायचा.

घरातही हाच क्रम चालतो. बाहेर धुवायचं आणि टबात बसायचं, त्यामुळे टबातलं तेच पाणी घरातली सगळी माणसं एकामागून एक वापरतात. पाहुणा असेल तर पहिला मान त्याचा. मधल्या वेळात पाणी निवू नये म्हणून टबावर झाकण ठेवतात, आणि यंत्र तेच पाणी पुन्हा तापवून देतं. टब भरला की भिंतीवरची कळपाटी एक छोटी धून वाजवून तसं जाहीर करते. नोरित्झ कंपनीच्या यंत्रांतली धून जर्मन संगीतकार थिओडोर ओएस्टन याच्या बाहुलीवरच्या पियानोच्या रचनेतली आहे. जपानी मुलांना ती संगीत म्हणून कळण्याआधी आंघोळीची हाक म्हणून कळते. रात्री उरलेलं पाणी पंपाने ओढून कपडे धुण्याच्या यंत्रात घेणारी घरंही पुष्कळ आहेत.

एदोचा हौद, भिंतीवरचा फुजी

घरोघरी टब ही मात्र अलीकडची चैन. सरदार तोकुगावा इएयासु १५९० मध्ये एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, आला. पुढच्याच वर्षी झेनिगामे पुलाजवळ इसे योइची नावाच्या माणसाने स्नानगृह उघडलं आणि एका नाण्यात आंघोळ द्यायला सुरुवात केली, असं जुनी बखर सांगते. लाकडी घरांच्या त्या शहराला आगीची सतत धास्ती होती. सरपण महाग, पाणी मोजकं. त्यामुळे पैसेवाले व्यापारीही घरी भट्टी पेटवण्यापेक्षा स्नानगृहात जात. तिथे वाफ अडून राहावी म्हणून हौदाच्या तोंडाशी आडवी फळी इतकी खाली असे की वाकूनच आत शिरावं लागे. आत मिट्ट काळोख. स्त्री-पुरुष कित्येक ठिकाणी एकत्रच नाहत. १७९१ मध्ये शासनाने त्यावर बंदी घातली, पण ती पुरती रुजायला मेइजी सम्राटांचा काळ उजाडला. पुरुषांसाठी माडीवर चहा, खाऊ आणि सोंगट्यांचा डाव असे. शिकितेई सान्बा या लेखकाने १८०९ पासून लिहिलेलं 'उकियोबुरो' हे विनोदी पुस्तक म्हणजे अशा स्नानगृहातल्या गप्पांचीच मालिका आहे. सामुराई, दुकानदार, दाई, पोरंटोरं सगळी तिथे बोलतात. दर्जा कपड्यांवरून ओळखायच्या त्या काळात कपडे उतरवण्याची ही जागा होती.

सेंतोचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे हौदामागच्या भिंतीवर रंगवलेला फुजी पर्वत. ही प्रथा १९१२ मध्ये टोकियोच्या कांदा भागातल्या किकाई-यु या सेंतोत सुरू झाली असं मानतात. चित्र काढायला बोलावलेले कावागोए कोशिरो शिझुओका प्रांतातले होते. फुजी त्यांच्या गावाकडचा डोंगर, म्हणून त्यांनी तोच काढला. पुढे जाहिरात कंपन्यांनी यातला धंदा ओळखला. चित्र फुकट काढून द्यायचं आणि त्याखाली आसपासच्या दुकानांच्या जाहिराती लावायच्या. सुट्टीच्या एका दिवसात जुन्या चित्रावर नवं चित्र चढतं. मावळता सूर्य आणि गळणारी पानं काढत नाहीत, धंदा उतरणीला लागेल म्हणून. हे काम करणारे व्यावसायिक चित्रकार आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांतल्या नव्या पिढीच्या तनाका मिझुकी या नाकाजिमा मोरिओ यांच्या हाताखाली शिकल्या.

जाहिरातीनेच दिलेली दुसरी खूण म्हणजे पिवळंधमक प्लास्टिकचं घमेलं. तळाशी लाल अक्षरांत 'केरोरिन' लिहिलेलं असतं. हे एका वेदनाशामक औषधाचं नाव. १९६३ मध्ये ही घमेली स्नानगृहांत आली आणि देशभर पसरली. त्यांचे दोन आकार आहेत. टोकियोच्या बाजूला मोठं, ओसाकाच्या बाजूला लहान. ओसाकाकडे हौद बऱ्याचदा खोलीच्या मधोमध असतो आणि लोक त्यातलंच पाणी उपसून अंगावर घेतात. मोठं घमेलं भरलं की उचलायला जड जातं, म्हणून तिथे लहान.

वर्षाचे सणही हौदात उतरतात. पाच मेला, मुलांच्या सणाला, पाण्यात शोबु नावाच्या वेखंडाच्या जातीच्या वनस्पतीची लांब पानं सोडतात. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी युझु ही लिंबाच्या कुळातली पिवळी फळं तरंगत असतात. आणि कोणत्याही ऋतूत आंघोळीनंतर शीतकपाटातली दुधाची किंवा कॉफी-दुधाची काचेची बाटली काढून उभ्याउभ्या संपवायची, हा जवळजवळ विधीच.

सगळे म्हणजे कोण?

पाणी सगळ्यांचं खरं, पण या 'सगळ्यां'च्या यादीवरून जपानमध्ये खटके उडालेले आहेत. अंगभर गोंदण गुन्हेगारी टोळ्यांची खूण मानलं जातं, म्हणून बरीच ओन्सेन आणि चैनीची मोठी स्नानगृहं गोंदवलेल्यांना प्रवेश देत नाहीत. साधं सेंतो सहसा अडवत नाही. त्याहून कडवट प्रकरण होक्काइदो बेटावरच्या ओतारु या बंदराच्या गावातलं. रशियन खलाशांच्या वागण्याच्या तक्रारींवरून तिथल्या काही स्नानगृहांनी 'फक्त जपानी' अशा पाट्या लावल्या. १९९९ मध्ये एका स्नानगृहाने काही परदेशी वंशाच्या लोकांना परत पाठवलं. त्यांतल्या मूळ अमेरिकन गृहस्थांनी पुढे जपानी नागरिकत्व घेतलं, तरी त्यांना आत सोडलं नाही. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००२ मध्ये साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने हा वांशिक भेदभाव ठरवून तिन्ही फिर्यादींना प्रत्येकी दहा लाख येन द्यायला लावले. रीत न पाळणाऱ्या माणसाला ती शिकवता येते. चेहरा पाहून दार लावलं की रीत ही फक्त सबब उरते.

आज मात्र दार लावण्याची वेळ सेंतोंवरच आली आहे. १९६८ च्या सुमारास देशभरात जवळपास १८,००० सेंतो होती. आता २,००० हून कमी आहेत. टोकियोत अडीच हजारांहून जास्त होती, ती साडेचारशेच्याही खाली आली. घरोघरी टब आले, इंधन महागलं, मालक म्हातारे झाले, आणि मोक्याच्या जागेवर सेंतोपेक्षा इमारत बांधणं कितीतरी किफायतीचं ठरलं. फीची मर्यादा गिऱ्हाइकाला जपते, पण मालकाचे हातही बांधते.

काही जण वेगळी वाट काढताहेत. टोकियोच्या कोएन्जी भागातलं १९३३ सालचं कोसुगियु तरुणांनी गजबजलेलं असतं. २०२४ मध्ये त्याने हाराजुकु या फॅशनच्या पेठेत, एका नव्या व्यापारी संकुलाच्या तळघरात, दुसरी शाखा काढली. सुमिदा भागातल्या कोगानेयुने २०२० मध्ये कात टाकली, आणि आता तिथे आंघोळीनंतर बिअरही मिळते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना मात्र यातलं काही नको असतं. त्यांना हवं असतं रोजच्या वेळेला ओळखीचं माणूस दिसणं. एखादी आजी दोन दिवस आली नाही की बानदाईवर चौकशी होते, यापेक्षा साधी समाजसेवा कोणती?

ही गोष्ट जपानच्या शासनालाही उमगलेली आहे, आणि ते दिसतं आपत्तीच्या वेळी. २०११ ची त्सुनामी असो की २०२४ चा नोतो द्वीपकल्पातला भूकंप, अन्न आणि पिण्याचं पाणी पोहोचलं की स्वसंरक्षण दलाच्या तुकड्या तंबू ठोकून गरम पाण्याचे हौद उभारतात. तंबूच्या दारावर तुकडी आपल्या मुलखाचं नाव लिहिलेला नोरेन टांगते. आत नियम तेच, आधी धुवा, मग उतरा. घर, कपडे, भांडीकुंडी सगळं वाहून गेलेल्या माणसाला अन्नपाण्यानंतर सरकार जी पहिली सोय करून देतं, तिच्यात ५५० येनचाही प्रश्न नसतो. सेंतो परवडत नाही म्हणून बंद पडत असतील, पण गरम पाण्याचा हौद ही चैन आहे असं म्हणायला जपान अजून तयार नाही.

(पुढच्या आठवड्यात : शाळेतलं दुपारचं जेवण. वाढपी मुलं, झाडूवालीही मुलंच.)