खारेपाट : बांध, संप, मतदान

अलिबाग-पेणच्या खाडीकाठची भातशेती, म्हणजे खारेपाट, समुद्राला अडवून उभी आहे. बांधाला खांड पडली की उधाणाचं पाणी शेतात, आणि मग पुढची काही वर्षं पिकाचं नाव नको. एकट्या घराचं हे काम नव्हे. गाव मिळून बांधबंदिस्ती करी, त्या रीतीला ‘जोळ’ म्हणत. १९४८च्या खार जमीन कायद्यानंतर सरकार यात उतरलं, गावाचा हात सुटत गेला. खांडी पडतच राहिल्या.

ही जमीन कसणारी बहुतेक आगरी कुळं, मालकी खोत-सावकारांची. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी इथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २५ गावांनी ठरवलं : खोताची जमीन कसायची नाही. संप थेट १९३९पर्यंत चालला! लाकूडफाटा विकून, मोलमजुरी करून, प्रसंगी उपाशी राहून. १९३४मध्ये डॉ. आंबेडकर चरीला आले. १९३७मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. चळवळीच्या ‘कृषीवल’ वृत्तपत्राचा जन्मही त्याच वर्षीचा.

सप्टेंबर २००८मध्ये महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्र) जमीन द्यायची का, यावर पेणमधल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारनेच मतदान घेतलं. निकाल अधिकृतपणे जाहीर केलाच नाही. पुढे प्रकल्प बारगळला. जमीन राहिली. पिण्याच्या पाण्याचं मात्र ‘धरण उशाला, कोरड घशाला’ : पेणच्या खारेपाटात उन्हाळा आला की टँकर येतो.