‘पिशवी साफ करणे’ म्हणजे नेमके काय? ‘क्युरेटिंग’ला होकार देण्यापूर्वी हे समजून घ्या

पनवेल : गर्भपात किंवा बाळंतपणानंतर कधी कधी गर्भाचा वा वारेचा काही भाग गर्भाशयातच राहतो. रक्तस्राव थांबत नाही, सोनोग्राफी होते आणि डॉक्टर सांगतात, ‘पिशवी साफ करावी लागेल.’ गव्हाण असो वा पनवेल शहर, घरोघरी याला एकच शब्द, ‘क्युरेटिंग’. प्रत्यक्षात त्यात वेगवेगळ्या पद्धती येतात आणि त्यांचे धोकेही सारखे नाहीत.

शस्त्रक्रिया लागतेच का?
नाही. गर्भपातानंतर रक्तस्राव कमी असेल आणि ताप नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस वाट पाहता येते किंवा मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या जातात. मात्र रक्तस्राव जास्त असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल तर थांबता येत नाही.

पर्याय कोणते?
• व्हॅक्युम ॲस्पिरेशन : नळीने उरलेला भाग ओढून घेतात. हाताने चालणाऱ्या सिरिंजला (एमव्हीए) वीजही लागत नाही. बहुतेकदा तेवढाच भाग बधिर करून हे करता येते.
• डी अँड सी : धातूच्या क्युरेटने गर्भाशय खरवडतात. त्याऐवजी व्हॅक्युम पद्धत किंवा गोळ्या वापराव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१२च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे.
• हिस्टेरोस्कोपी : भाग चिकटून राहिला असेल तर दुर्बिणीतून पाहून तेवढाच काढतात.

प्रसूतीनंतर वार अडकली तर ती भूल देऊन हाताने काढतात. ही तातडीची वेळ असते.

धोका काय?
गर्भाशयाला छिद्र पडणे, संसर्ग होणे किंवा आतील अस्तर चिकटणे. अस्तर चिकटले (अ‍ॅशरमन सिंड्रोम) तर पाळी कमी होते आणि पुढे दिवस राहण्यात अडचण येऊ शकते. वारंवार खरवडल्यास हा धोका वाढतो.

डॉक्टरांना काय विचाराल?
१) गोळ्यांनी भागेल का?
२) व्हॅक्युमने करणार की खरवडून?
३) रक्तगट निगेटिव्ह असल्यास ‘अँटी-डी’ इंजेक्शन लागेल का?

लगेच रुग्णालय कधी गाठाल?
तासाला दोन पॅड भिजत असतील आणि सलग दोन तास तसेच राहिले, ताप आला, दुर्गंधीयुक्त स्राव होऊ लागला किंवा चक्कर आली तर घरी थांबू नका. गव्हाणमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, तर पनवेलमध्ये उपजिल्हा रुग्णालय. तातडीच्या वेळी १०८वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.