धनुर्वाताचें दार

शत्रु कितीहि प्रबळ असला, तरी वाटेवांचून त्यास घरांत शिरतां येत नाहीं. रोगजंतूंचेंहि तसेंच आहे. पटकीचे जंतु दूषित पाण्याबरोबर मुखावाटे जातात. क्षयाचे जंतु श्वासाबरोबर फुप्फुसांत उतरतात. प्लेगचे जंतु उंदरांवरील पिसवांच्या दंशानें अंगांत शिरतात. चौथें दार म्हणजे फुटलेली कातडी. आणि शेतकऱ्याचें हेंच दार सर्वांत उघडें असतें.

महसूल खात्यांत कारकून असतां शहादा, तळोदा व नंदुरबार ह्या तालुक्यांतील पुष्कळ शेतें आम्हीं तुडविलीं. पऱ्हाटीचें धसकट किंवा बाभळीचा कांटा पायांत रुतला, कीं तो उपटून वर चिमूटभर माती वा शेण दाबावयाचें व पुन्हां कामास लागावयाचें, ही रीत आम्हीं ठिकठिकाणीं पाहिली. तिनें रक्त थांबतें खरें. परंतु शत्रूस आंत घेऊन कवाड लावल्यासारखें होतें.

कारण धनुर्वाताचे जंतु माती व शेण ह्यांतच असतात. माती टोंचल्यानें प्राण्यांस हा रोग होतो, हें निकोलायर ह्या जर्मन वैद्यानें १८८४ सालीं दाखविलें. १८८९ सालीं जपानी शास्त्रज्ञ कितासातो ह्यांनीं तो जंतु वेगळा काढला. ह्या जंतूस प्राणवायु मानवत नाहीं. म्हणून तो जमिनींत सुप्त बीजाप्रमाणें वर्षानुवर्षें पडून राहतो, व खोल, अरुंद जखमेंत पोंचतांच रुजतो. त्याचें विष मज्जातंतूंवाटे पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूपर्यंत चढतें. बहुधा ३ ते २१ दिवसांत जबडा आवळतो व पाठ धनुष्यासारखी वांकते. तोंपर्यंत जखम कित्येकदां भरूनहि गेलेली असते!

विळ्यानें नाळ कापून वर राख वा शेण लावल्यास नवजात बालकासहि हाच धोका असतो. लसीकरण व स्वच्छ बाळंतपण ह्यांच्या बळावर २०१५ सालीं भारतांत माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें जाहीर झालें. तथापि जंतु जमिनींत आहेच. एकदां रोग होऊन गेल्यानेंहि शरीरास संरक्षण मिळत नाहीं. संरक्षण लसीनेंच मिळतें, व तिचा जोर कालांतरानें ओसरतो.

यास्तव जखम साबण व स्वच्छ पाण्यानें धुवावी, माती-शेण लावूं नये आणि त्याच दिवशीं प्राथमिक आरोग्य केंद्र गांठून शेवटची लस केव्हां घेतली तें सांगावें. सातबाऱ्याचा उतारा आपण जपून ठेवतोंच. त्याच पेटींत घरांतील प्रत्येकाच्या लसीची तारीख लिहिलेला कागदहि असावा. जमीन कसणारा सुखरूप राहिला, तरच त्या उताऱ्यास अर्थ आहे.