यीस्टच्या पेशीतला कारखाना

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात हार्वर्ड नावाचे एक छोटे गाव आहे.  तिथल्या मका-सोयाबीनच्या शेतावर वाढलेले जे कीझलिंग १९९२मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. झाडांतून किंवा खनिज तेलातून मिळणारे पदार्थ सूक्ष्मजीवांकडून बनवून घेता येतील का, हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य प्रश्न.

पाव फुगतो, तेव्हा यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल तयार करत असते. त्याच्या पेशीतली विकरे, म्हणजे एन्झाइम, एकामागून एक रासायनिक क्रिया घडवतात. या साखळीत वनस्पतींची जनुके बसवली, तर त्याच साखरेपासून वेगळा पदार्थ निघू शकतो.

या कल्पनेची पहिली मोठी कसोटी मलेरियाच्या औषधावर लागली. आर्टेमिसिनिन हे औषध आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ या वनस्पतीपासून मिळते. पीक कमी आले की भाव भडकतात, जास्त आले की कोसळतात आणि मग शेतकरी लागवड सोडतात. २००३मध्ये कीझलिंग यांच्या गटाने ई. कोलाय जिवाणूत या औषधाच्या मार्गावरचा एक आरंभीचा रेणू तयार केला. पुढच्या वर्षी गेट्स फाउंडेशनने या प्रकल्पाला ४ कोटी २६ लाख डॉलर दिले. २००६मध्ये यीस्टमध्ये आर्टेमिसिनिक आम्ल तयार झाले. त्यापासून रासायनिक प्रक्रियेने औषध बनवता येते. तेव्हा एका लिटरमागे जेमतेम १०० मिलिग्रॅम आम्ल मिळत होते. कीझलिंग यांचा सहभाग असलेल्या अमायरिस कंपनीने आणि सहकाऱ्यांनी २०१३पर्यंत ते २५ ग्रॅमवर नेले.

त्याच वर्षी सॅनोफी कंपनीने मोठे उत्पादन सुरू केले. ना नफा, ना तोटा या तत्त्वावर किलोचा दर ३५० ते ४०० डॉलर ठरला. पण वनस्पतीपासूनचे औषध २५० डॉलरच्याही खाली आले. आर्टेमिसिनिनच्या शोधासाठी चीनच्या तू यूयू यांना २०१५मध्ये नोबेल मिळाले, आणि त्याच वर्षी सॅनोफीने यीस्टपासून काहीच उत्पादन घेतले नाही. विज्ञान यशस्वी ठरले, पण बाजाराचे गणित जुळले नाही.

इंधनाच्या बाबतीत हे गणित आणखी अवघड आहे. आर्टेमिसिनिनच्या वाटेवरच थोडा फेरफार केला, की यीस्ट फार्नेसीन नावाचा तेलकट पदार्थ बनवते. त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया केली की डिझेलसारखे इंधन मिळते. अमायरिसने ब्राझीलमध्ये उसाच्या साखरेपासून ते तयार केले. साओ पावलोत त्यावर बसही धावल्या. पण औषध ग्रॅममध्ये विकले जाते आणि डिझेल टँकरने. ते खनिज डिझेलच्या दरात देणे जमेना. शेवटी कंपनी सौंदर्यप्रसाधने आणि सुगंधी द्रव्यांतल्या घटकांकडे वळली. २०२३मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

इंधन स्वस्त करायचे, तर कच्चा मालही स्वस्त हवा. २००७मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या निधीतून एमरीव्हिल येथे जॉइंट बायोएनर्जी इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तिची धुरा कीझलिंग यांच्याकडे आली. खाण्याची साखर न वापरता मक्याची ताटे, गवत, लाकडाचा भुसा यांतली साखर मोकळी करायची, हा तिथला एक मोठा विषय. आपल्याकडची पऱ्हाटी, तुराट्या आणि उसाची चिपाडे याच जातकुळीतली. त्यांच्यातले लिग्निन साखरेला घट्ट धरून ठेवते. ती पकड कमी खर्चात सोडवणे हे अजूनही या संशोधनापुढचे कठीण काम आहे.

दरम्यान, २०२२मध्ये कीझलिंग यांच्या गटाने यीस्टमध्ये ५६ जनुकीय बदल करून विनब्लास्टिन या कर्करोगावरील औषधाचे दोन घटक बनवले. ते जोडण्याचे काम रासायनिक प्रक्रियेने झाले. हे औषध मुळात आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळते, तेही इतके थोडे की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. अशा महाग औषधांना प्रयोगशाळेतला खर्च परवडू शकतो. इंधनाला मात्र तो अजून परवडलेला नाही.