डोळ्यांस न दिसणारा बर्फ

आपल्याकडे बर्फ म्हणजे उन्हाळ्यांत सरबतांत घालावयाचा खडा. त्याच्या ओझ्यानें पोलादी मनोरे मोडून पडतात, असें कोणी सांगितलें तर तें सहसा खरें वाटणार नाहीं. परंतु कॅनडांतील क्वेबेक प्रांतानें १९९८ च्या जानेवारींत हा अनुभव घेतला. पांच-सहा दिवस राहून राहून पाऊस पडला. थेंब पाण्याचेच, पण तारेस शिवतांच गोठणारे! थरावर थर चढले आणि विजेच्या तारा वाहणारे हजाराहून अधिक मनोरे कोसळले. ऐन थंडींत लक्षावधि माणसें अंधारांत व गारठ्यांत राहिलीं. कित्येक घरीं तर महिनाभर दिवा लागला नाहीं.

हा बर्फ कांचेसारखा स्वच्छ असतो. उंच तारेवर किंवा काळ्या रस्त्यावर, विशेषतः रात्रीं, तो दिसतच नाहीं. अशा वेळीं थर्मल कॅमेऱ्याचें साह्य होतें. प्रत्येक पदार्थ आपल्या उष्णमानाप्रमाणें अदृश्य असे अवरक्त किरण बाहेर टाकीत असतो. हे किरण विल्यम हर्शेल ह्या ज्योतिर्विदास १८०० सालीं सूर्यप्रकाशांत आढळले. हा कॅमेरा त्यांचेंच चित्र काढतो.

कोणी विचारील, तार आणि बर्फ दोन्ही सारखींच गार असतां भेद कळतो कसा? घासून लख्ख केलेल्या भांड्यांत व काजळी धरलेल्या भांड्यांत सारखेंच कढत पाणी ओतलें, तर काजळीचें भांडें अधिक किरण बाहेर टाकतें. लख्ख धातु ह्या कामीं कृपण, तर बर्फ उदार. म्हणून चित्रांत दोहोंच्या छटा निराळ्या उमटतात. शिवाय पाणी गोठतांना दर ग्रॅममागें सुमारें ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते. त्यामुळें गोठत असलेली जागा भोंवतालच्या अधिक थंड भागांत उठून दिसते.

मात्र हें यंत्र पृष्ठभाग तेवढा पाहतें. थर बोटभर आहे कीं वीतभर, हें तें सांगत नाहीं. जुन्या, मळकट तारेपाशीं त्याची फसगतही होते. म्हणून हवामानाच्या नोंदी व अनुभवी माणसाची नजर ह्यांची जोड त्यास द्यावीच लागते.

बर्फ वेळेवर कळला, तर उपाय करतां येतो. क्वेबेकांत लेव्ही येथील केंद्रांत, तारेवरील नित्याचा वीजपुरवठा थांबवून तींत एकाच दिशेचा जबर प्रवाह सोडण्याची सोय केलेली आहे. तार तापते व बर्फ गळून पडतो. पण हें मनोरा वांकण्यापूर्वीं व्हावयास हवें. मागाहून उरतें तें केवळ ढिगारे उपसणें. आज कॅनडांत पुष्कळ मराठी कुटुंबें संसार थाटून आहेत. हिवाळ्याच्या रात्रीं त्यांच्या घरची चूल व दिवा चालूं राहतात, ते अशा जागत्या पहाऱ्यावर विसंबूनच.