स्वतःच्या वेळेशी शर्यत

मोठ्या शहरांतील रस्त्यांवरच्या शर्यतींत हजारो धावपटू उतरतात, परंतु विजेतेपदाची आशा त्यांतील मोजक्यांनाच असते. इतरांची स्पर्धा त्याच अंतरावर स्वतः पूर्वी नोंदवलेल्या सर्वांत कमी वेळेशी, म्हणजेच धावपटू जिला ‘पीबी’ म्हणतात त्या वैयक्तिक सर्वोत्तम वेळेशी असते. ही कामगिरी वैयक्तिक असली, तरी तिची विश्वासार्हता काटेकोर मोजमापावर उभी असते, आणि शर्यतीच्या वर्णनांत नेमकी हीच बाजू बहुधा दुर्लक्षित राहते.

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले आणि १९२१ मध्ये अधिकृत ठरले. शहरातील मार्ग मोजताना सायकलच्या पुढच्या चाकाला ‘जोन्स काउंटर’ हे चाकाचे फेरे मोजणारे छोटे यंत्र बसवतात, पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून त्याचे प्रमाण निश्चित करतात आणि मग धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या वाटेने, वळणावर पदपथाच्या कडेपासून अवघे ३० सेंटिमीटर अंतर राखून, संपूर्ण मार्ग मोजतात. मार्ग आखूड भरू नये म्हणून प्रत्येक किलोमीटरमागे १ मीटर जादा धरला जातो. मोजणी सर्वांत जवळच्या वाटेने होत असल्यामुळे वळणे बाहेरून घेणारा धावपटू नकळत अधिक अंतर कापतो. मार्गाच्या उतारालाही मर्यादा असते: २०११ मध्ये बोस्टनला जेफ्री मुताई याने २ तास ३ मिनिटे २ सेकंदांची वेळ दिली, परंतु तो मार्ग उताराचा आणि सुरुवात-शेवट दूर असलेला असल्याने ती जागतिक विक्रम म्हणून ग्राह्य धरली गेली नाही.

गर्दीत मागे उभ्या असलेल्या धावपटूला प्रारंभरेषेपर्यंत पोहोचायलाच काही मिनिटे लागतात. छातीवरील क्रमांकपट्टीतील चिप त्याने रेषा ओलांडल्यापासूनची निव्वळ वेळ नोंदवते, आणि हौशी धावपटूने तीच आपली मानणे न्याय्य आहे.

धारवाडच्या पश्चिमेस तलावाकाठी वसलेल्या केलगेरीसारख्या भागात मुंबईच्या मॅरेथॉनसाठी सराव करणाऱ्याला आणखी एक भान ठेवावे लागते. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर असून तेथील रस्ते चढउताराचे आहेत. एवढ्या उंचीने प्राणवायूची लक्षणीय उणीव भासत नाही, पण तेथील पहाटेचा गारवा मुंबईत मिळत नाही. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड राखण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि स्नायूंचा वाटा घटतो, म्हणून घरच्या रस्त्यावरील गती तेथे जशीच्या तशी टिकत नाही. त्यातच स्नायू व यकृतातील साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण ३० किलोमीटरनंतर संपत येतो, आणि मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडची चढण परतीच्या वाटेवर नेमकी अशा थकलेल्या पायांपुढे येते. सुरुवातीच्या उत्साहात गती वाढवून मिळवलेले सेकंद येथे मिनिटांनी परत द्यावे लागतात, म्हणूनच समान गतीचा संयम हे या खेळातील सर्वांत अवघड कौशल्य ठरते.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही या दुष्काळी गावच्या ललिता बाबर हिने जानेवारी २०१५ मध्ये याच मार्गावर २ तास ३८ मिनिटे २१ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून भारतीय महिलांमध्ये प्रथम क्रमांक मिळवला. सरासरी काढल्यास प्रत्येक किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे ४५ सेकंद, आणि तेही ४२ वेळा. पुढच्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे व पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदवून अंतिम फेरी गाठली.