धोप्याचे पान आणि मोटारीचा रंग

आपल्या गोंदियाकडे पावसाळ्यात परसात धोपा, म्हणजेच अळू, माजतो. त्याच्या पानावर पाणी पसरत नाही. थेंब मोत्यासारखे घरंगळतात. याचे एक कारण म्हणजे पानावरील मेणाचा सूक्ष्म थर. पाण्याच्या रेणूंचे परस्परांवरील आकर्षण मोठे, मेणाचे पाण्यावरील आकर्षण मात्र अल्प.

हेच मेण घरी मोटार बांधणाऱ्याला नडते. १९५३ साली अमेरिकेत निघालेल्या 'कॉर्व्हेट' मोटारीची बॉडी फायबरग्लासची, म्हणजे काचतंतू व राळ यांची होती. आपल्याकडची 'सॅन स्टॉर्म'ही तशीच. अशी बॉडी साच्यात घडवतात. ती साच्याला चिकटू नये म्हणून साच्याला आधी मेण लावतात. त्यातील थोडे बॉडीवर उतरते. जे मेण साच्याला चिकटू देत नाही, ते रंगाला कसे चिकटू देईल? रंगाचे पापुद्रे सुटतात.

मग लगेच पॉलिश पेपरने घासावे का? नाही! त्याने मेण ओरखड्यांत शिरते. प्रथम मेण विरघळवणाऱ्या द्रावकाने, फडके बदलत पुसावे. नंतर पाणी ओतून पाहावे. थेंब झाले तर पुन्हा पुसावे. पाणी सलग पसरले तर मेण गेले. त्यानंतरच नाकातोंडावर मुखवटा बांधून घासणे, बारीक छिद्रांत पुट्टी, प्रायमर आणि शेवटी रंग.

दोन स्वच्छ काचपट्ट्या घ्या. एकीवर मेणबत्ती घासा. दोन्हींवर एकेक थेंब टाका आणि फरक पाहा. रंगाऱ्याची पहिली परीक्षा तीच!